पोलिसांच्या हेलिकॉप्टरला मी थांबवलं तेव्हा

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेला, आमच्या लोणीत परत येऊन राहिले. तरी हेलिकॉप्टरचा आवाज आला की हातातलं काम तसंच टाकून मी अंगणात येते. उंची किती असेल, कुठल्या बाजूला चाललंय, कोण कुणाशी काय बोलत असेल, हे सगळं डोक्यात सुरू होतं. आवाज विरेपर्यंत मला बसवत नाही. शेजारची जाऊबाई म्हणते, शालन, आता तुला कोण पगार देतंय त्याचा?

या अंकाच्या संपादकांनी सांगितलं होतं की नोकरीतल्या गमतीजमती लिहा. गमती आहेतही. पण लिहायला बसले की एक पावसाळी सकाळ पुढे येते आणि बाकीचं मागे सरतं. तेव्हा तीच लिहिते.

मी सत्तावीस वर्षं हवाई वाहतूक नियंत्रक होते. विमानतळाचं नाव लिहीत नाही. लोकांना वाटतं आम्ही धावपट्टीवर झेंडे दाखवतो. आमचं काम बोलण्याचं. कानाला हेडफोन, पुढे रडारचा पडदा, आणि प्रत्येक विमानासाठी कागदाची एक पट्टी. वैमानिक विचारतो, आम्ही सांगतो, आणि आम्ही जे सांगितलं ते तो शब्दाला शब्द परत म्हणून दाखवतो. तो चुकीचं म्हणाला आणि आमच्या लक्षात आलं नाही, तर चूक दोघांची. सगळं इंग्रजीत आणि सगळं रेकॉर्ड होतं. नमस्कार-चमत्काराला जागा नाही.

प्रवासी विमानांचं एक बरं असतं. ती कुठून आली, कुठे जाणार, किती वाजता, हे आधी कागदावर येतं. पोलिसांच्या हेलिकॉप्टरचं तसं नसे. ते अचानक उठे आणि विचारलं की उत्तर एकच, "पोलीस ड्यूटी, पश्चिमेचे डोंगर." कुठला डोंगर, काय काम, किती वेळ, काही नाही. त्यांचंही खोटं नव्हतं. आमचं बोलणं उघड्या लहरींवर चालतं. बाजारात मिळणारं एखादं यंत्र घेऊन कुणीही ऐकू शकतं. ज्यांना पकडायला निघालोय त्यांनाच पत्ता कसा सांगायचा?

पण आम्हाला सांगितल्याशिवाय त्यांच्यासाठी आभाळ मोकळं करता येत नाही. आमच्या आणि पोलीस वैमानिकांच्या कुरबुरीचं मूळ एवढंच होतं.

त्या हेलिकॉप्टरवर बहुतेक वेळा कॅप्टन मस्करे असत. फौजेतून आलेले, आवाज संथ. ते जुन्नरच्या पश्चिमेकडच्या मढचे. आमच्याच भागातले, हे मला एका शब्दावरून कळलं. एकदा रेडिओवर बोलायचं बटण दाबलेलंच राहिलं आणि ते आपल्या सहवैमानिकाला सांगत होते, "हितं आमचं भाताचं खाचर व्हतं." इतकी वर्षं जपून ठेवलेली इंग्रजी आणि मध्येच हे 'व्हतं'. मला हसू आवरेना. त्यानंतर आमची ओळख झाल्यासारखी झाली, म्हणजे आवाजांची. मी लोणीची हे त्यांना कसं कळलं ठाऊक नाही, पण कळलं. गर्दी नसली की ते शेवटी "गुड डे" म्हणताना थोडं रेंगाळत. तेवढाच मोकळेपणा.

आता फुलांची गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुढचं तिच्यावर अवलंबून आहे. एका दुपारी मस्करेंनी तातडीची पोलीस ड्यूटी म्हणून वाट मागितली. उतरायला आलेलं प्रवासी विमान मी दहा मिनिटं घिरट्या घालत ठेवलं. दीडशे माणसं आत. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. कुठल्याशा उद्घाटनावर पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून झेंडूच्या पाकळ्या पडतायत. आमचे सुपरवायझर थॉमस यांनी तो फोटो कापून माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवला. मस्करेंनी नंतर फोन करून सांगितलं की मला वरून तसाच हुकूम होता, मॅडम. मी म्हटलं, मलाही आता वरूनच विचारावं लागेल. असं आणखी दोन-तीनदा झालं. 'पोलीस ड्यूटी' हे शब्द माझ्या कानाला गुळगुळीत झाले.

मग ती सकाळ आली. चार दिवस पाऊस लागून राहिला होता, त्यात थोडी उघडीप. साडेआठच्या सुमाराला मस्करेंनी उड्डाणाची परवानगी मागितली. पश्चिमेचे डोंगर, पोलीस ड्यूटी. माझ्यासमोर उतरणारी सहा विमानं रांगेत होती. पावसाने सगळ्यांचंच वेळापत्रक कोलमडलेलं. मी विचारलं, काम काय आणि किती तातडीचं? ते म्हणाले, सांगता येणार नाही. मी म्हटलं, थांबा.

पाच-सहा मिनिटांनी त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा थांबवलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता. वाक्यं तीच, पण रोजचा संथपणा नव्हता. एखादा माणूस घड्याळाकडे बघत बोलतो तसं. ते माझ्या कानाने टिपलं. हे मी आज पहिल्यांदा कागदावर लिहितेय. मला कळलं होतं की हे फुलांचं काम नाही. दोन विमानांच्या मधून त्यांना सोडता आलं असतं, थोडी धावपळ झाली असती एवढंच. पण काचेखालचा फोटो समोर होता आणि मनात एक अढी होती. सांगत नाहीत ना, मग बसू देत. मी सहाच्या सहा विमानं उतरवली आणि मग त्यांना सोडलं. एकवीस मिनिटं झाली होती.

काय काम होतं ते मला तासाभराने, हेलिकॉप्टरचा पत्ता लागेना आणि थॉमसनी पोलिसांना फोन केला तेव्हा, कळलं. तळेघरच्या पुढच्या जंगलात पोलिसांची एक तुकडी दरोडेखोरांच्या मागावर होती. आदल्या संध्याकाळी वाट दाखवणारे हवालदार बबन केंगले घळीत पडले. मांडीचं हाड मोडलं, पाय चेपला. रात्रभर ते पावसात तसेच पडून. उजाडल्यावर सोबतच्या पोलिसांनी वर काढलं, पण दरड कोसळून रस्ता बंद होता. हेलिकॉप्टर त्यांना आणायला चाललं होतं. दरोडेखोर अजून त्याच रानात होते म्हणून तोंड बंद ठेवायचा हुकूम.

मस्करे तिथे पोचले, एका सड्यावर, म्हणजे उघड्या सपाट कातळावर उतरले, केंगल्यांना घेतलं. परत फिरले आणि दरीत ढग मिटला.

हे मला कसं कळलं ते सांगते. रडार आणि रेडिओ, दोन्ही सरळ रेषेत चालतात. मध्ये डोंगर आला की संपलं. हेलिकॉप्टर दरीत उतरलं तेव्हाच पडद्यावरून गेलं होतं. दर अर्ध्या तासाने त्यांनी 'सगळं ठीक' एवढं कळवायचं असतं. ते आलं नाही. मी हाका मारल्या. नुसती खरखर. पुन्हा मारल्या. माझी पाळी संपली होती, बदली माणूस मागे येऊन उभा होता, पण मी खुर्ची सोडली नाही. बसवतही नव्हतं. हेडफोनची वायर पोचेल तेवढ्यात उभी राहून दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे करत होते.

मग वरून, खूप उंचावरून जाणाऱ्या एका प्रवासी विमानाची वैमानिक बोलली. बाईंचा आवाज, दक्षिणेकडचे उच्चार. म्हणाल्या, तुमचं हेलिकॉप्टर मला ऐकू येतंय, निरोप देऊ का? उंचावरून त्यांना दरीतलंही ऐकू येत होतं आणि आम्हीही. त्यांनी मस्करेंचा निरोप सांगितला. चहूबाजूंनी ढग आलाय, खालची जमीन फक्त तुकड्या-तुकड्यांनी दिसतेय, उतरायला जागा नाही. वर चढावं तर ढगात कडा कुठे आहे कळत नाही. जखमी माणूस आत आहे. इंधन पाऊण तासाचं. कुठल्या बाजूला उघडं आहे?

कुठल्या बाजूला उघडं आहे, हे मला कसं दिसणार? माझ्या पडद्यावर तिथे काळोख. आणि नियम असा की जे विमान रडारवर दिसत नाही, त्याला डोंगरात दिशा द्यायची नाही. नियम बरोबर आहे. अंदाजाने दिलेली दिशा कड्यावर नेऊ शकते.

पण तळेघर मला माहीत होतं. शिकत असताना मंचरच्या वसतिगृहात माझ्या खोलीत हिरा लोहकरे होती, तळेघरची. सुट्टीत मी तिच्याकडे जायची. एसटी दिवसातून एखादी, बाकी चालणं. हिरा आता तिथेच अंगणवाडी सेविका होती आणि तेव्हा अंगणवाडीच्या दारापुढेच काय ती मोबाइलला रेंज येई. तिचा नंबर मला पाठ होता. आमच्या रडारच्या खोलीत मोबाइल नेता येत नाही. मी थॉमसना टेबलावरच्या फोनवरून नंबर लावायला सांगितला. त्यांनी माझी बाकीची विमानं शेजारच्या टेबलावर वळवली आणि नंबर फिरवला. मराठी त्यांना येत नव्हतं, म्हणून रिसीव्हर माझ्या हातात दिला.

एका कानाला हेडफोन, दुसऱ्या कानाला हिरा. मी विचारलं, हेलिकॉप्टरचा आवाज येतोय का?

"येतोय की," हिरा म्हणाली. "मगाधरनं घुमतंय. दिसंना, पर आवाज लई जवळ हाय. पोरं भेदरल्यात."

मी म्हटलं, हिरा, बाहेर जा, आवाज कुठल्या बाजूला चाललाय सांग. आणि ढग कुठे फाटलाय का बघ.

ती छत्री न घेताच बाहेर गेली असणार, कारण फोनवर पावसाचा सडसडाट सुरू झाला. ती सांगत गेली. आवाज भीमाशंकरच्या डोंगराकडं चाललाय. तिकडं काहीच दिसत न्हाई, सगळं पांढरं. मग म्हणाली, खाली धरणाच्या अंगाला उजेड हाय, शाळेच्या खालची खाचरं मला इथनं दिसत्यात, त्याच्या पल्याड पाणीबी चमकतंय.

डोंगर पश्चिमेला. धरण पूर्वेला. हेलिकॉप्टर उलट्या बाजूला चाललं होतं.

मी वरच्या विमानातल्या बाईंना सांगितलं. सांगताना पहिलं वाक्य ठरवून म्हटलं की ही सूचना नाही, ही जमिनीवरच्या माणसाकडून आलेली माहिती आहे. तुम्ही डोंगराकडे जात आहात. पूर्वेला दरीच्या खालच्या अंगाला उघडं आहे, तिथे धरणाचं पाणी आहे. बाईंनी ते शांतपणे दोनदा म्हटलं. त्यांच्या विमानात त्या वेळी बहुधा चहा वाटत असतील. मस्करेंनी ते परत म्हणून दाखवलं, बाईंनी ते मला सांगितलं, आणि प्रत्येक वाक्य असं चार तोंडांतून फिरत राहिलं. मध्येच हिरा म्हणाली, "आवाज फिरला गं. आता आमच्या डोक्यावरनं चाललाय." मग म्हणाली, "शाळेच्या खाली गेला." मग बराच वेळ काही नाही. मी विचारलं, ऐकू येतंय का? ती म्हणाली, "नाय आता."

वरचं विमानही पुढे निघून गेलं. बाईंनी जाताना माफी मागितली, जणू विमान थांबवता आलं असतं.

नंतरचे क्षण मी मोजले नाहीत. थॉमसनी माझ्यामागे खुर्ची सरकवली, मी ती पायाने मागे ढकलली. मग हेडफोनमध्ये खरखर झाली आणि थेट आवाज आला, मराठीत.

"पाणी दिसलं, ताई."

एवढंच. सरकारी कागदात या वाक्यापुढे 'परभाषेतील अस्पष्ट शब्द' असं लिहिलंय. धरणाच्या कडेला एका मोकळ्या रानात मस्करे उतरले. पुढे शहराकडेही ढग भरला होता, त्यामुळे पुन्हा उडता आलं नाही. केंगल्यांना जीपमधून घोडेगावला, तिथून रुग्णवाहिकेने शहरात नेलं. चिखल, दरडी, खोळंबलेली वाहनं. ते दुपारी तीनच्या पुढे इस्पितळात पोचले. जीव वाचला. पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

चौकशी झाली. तीन जणांच्या समितीने शेवटच्या भागाचं रेकॉर्डिंग पुन:पुन्हा ऐकलं. मला नियम मोडल्याबद्दल विचारतील म्हणून मी तयारी करून गेले होते. उलट प्रसंगावधानाबद्दल प्रशस्तिपत्र मिळालं. हिराला पोलिसांनी शाल-श्रीफळ दिलं. सकाळच्या एकवीस मिनिटांबद्दल एक ओळ होती, 'वाहतुकीमुळे झालेला विलंब, नियमांनुसार.' मी हात वर करून काही बोलायला गेले तेव्हा अध्यक्ष म्हणाले, ते तुमच्या बाजूचंच आहे, मॅडम.

पण हिशेब साधा होता. हिरा मला म्हणाली होती की ढग नऊनंतर उतरला, त्याआधी अर्धा तास लख्ख होतं. एकवीस मिनिटं आधी निघाले असते तर ते लख्ख उजेडात परतले असते आणि सकाळीच इस्पितळात पोचले असते. माझी एकवीस मिनिटं तिकडे चार-पाच तास झाली होती. पाय वाचला असता का? डॉक्टरांनी मला सांगितलं की ठाम कुणीच सांगू शकणार नाही. ते वाक्य मला वर्षभर झोपताना, स्वयंपाक करताना, कामाच्या टेबलाशी बसताना ऐकू येत राहिलं. मस्करेंना मी हे फोनवर सांगितलं. ते म्हणाले, मलाही दोन शब्द बोलता आले असते, हुकूम मोडून. मी बोललो नाही. सोडून द्या, आणि त्या माणसाला सांगायला जाऊ नका, त्याला त्याचा काय उपयोग?

मी गेले. तळेघरला, केंगल्यांच्या घरी, भातकापणीच्या दिवसांत, हिराला बरोबर घेऊन. केंगले ओटीवर बसले होते, जयपूर फूट बाजूला काढून ठेवलेला. पन्नाशीचा, काटक माणूस. त्यांच्या मंडळींनी चहा दिला. हेलिकॉप्टरवाल्या मॅडम आल्या म्हणून दोघं फार आनंदात होते. तेवढ्यात मी सांगितलं. सगळं. आवाजावरून मला कळलं होतं, हेसुद्धा.

मंडळी उठून आत गेल्या. केंगले म्हणाले, "मॅडम, मी पडल्यामुळं माझा पाय गेला, असं मी धरून चाललो व्हतो. पाय माझाच घसरला, कुनाचा काय दोष. आता तुमी हे आनून ठिवलं. तुमचं मन हलकं झालं आसंल. आमी काय करायचं ह्याचं?"

मस्करे बरोबर होते, हे मला त्या ओटीवर कळलं. मी उठले. तेव्हा ते म्हणाले, "बसा. चा घ्या." आणि मी चहा संपवल्यावर, "पुन्यांदा दुसऱ्या कुनाचं असं व्हनार न्हाई ना, येवढं सांगा."

मी म्हटलं, ते मला आज सांगता येत नाही.

"मग सांगता येईल तवा सांगा."

परतल्यावर मी अर्ज लिहायला सुरुवात केली. पोलिसांना जागा सांगायची नसेल तर नको, कारणही नको. फक्त जीव धोक्यात असेल तेव्हा वैमानिकाने पहिल्याच वाक्यात एक ठरलेला शब्द म्हणायचा, आणि तो ऐकला की आम्ही काही न विचारता वाट द्यायची. उद्घाटनांसाठी तो शब्द वापरला तर लेखी जाब. इतकी साधी गोष्ट. पण आमच्या खात्याला वाटे पोलीस गैरफायदा घेतील, पोलिसांना वाटे शब्द फुटेल. दोन्हीकडच्या साहेबांना एका टेबलाशी बसवायला मला दीड वर्ष लागलं. मस्करे गणवेश घालून माझ्या बाजूने बोलायला आले. आवाजापेक्षा माणूस बुटका निघाला. त्यांनी भर बैठकीत फुलांची गोष्ट स्वतःच सांगितली आणि त्यांचे साहेब खाली बघू लागले. शेवटी एका पानाचं पत्रक निघालं. तो शब्द इथे लिहीत नाही, तो अजून वापरात आहे.

पुढच्या पावसाळ्यात, माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी, तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. वैमानिक दुसराच होता, तरुण. सकाळचे दहा वाजले असतील. माझ्यासमोर चार विमानं होती. मी एकाला वर चढवलं, दुसऱ्याला वळवलं, आणि मिनिटभराच्या आत हेलिकॉप्टर जमिनीवरून सुटलं. तासाभराने ते परत उतरलं.

संध्याकाळी मी केंगल्यांना फोन लावला. म्हटलं, बबनराव, आज झालं. मिनिटभर लागलं.

ते म्हणाले, "मानूस वाचला का?"

मी म्हटलं, ते मला ठाऊक नाही. आम्हाला ते कळत नाही, हेलिकॉप्टर उतरलं की आमचं काम संपतं.

"असं कसं? इचारा की."

सत्तावीस वर्षांत मी असं कधी विचारलं नव्हतं. पोलिसांच्या नियंत्रण कक्षाला फोन लावला तर तिथला माणूस दचकला, त्याला वाटलं तक्रार आहे. मी म्हटलं, तक्रार नाही, सकाळी कुणाला आणलं आणि कसं आहे, एवढंच. त्याने दोन ठिकाणी विचारून मला परत फोन केला. पुरात अडकलेल्या एक बाई होत्या, छातीला मार होता. ऑपरेशन झालंय, शुद्धीवर आहेत, घरच्यांना ओळखतायत.

मी तळेघरला पुन्हा फोन केला आणि सांगितलं.

"मग बरं झालं," बबनराव म्हणाले. मागे कुणीतरी भांडी घासत होतं. "आमच्या भाताच्या कापनीला या, ताई. ह्या खेपेला नुसतं जेवायला या."